पाक की पिशवी? घरी बिअर करायची तर कोणत्या वाटेने

ओळखीतल्या एका जोडप्याने दिवाळीत मी घरी केलेली पोर्टर, म्हणजे गडद बिअर, प्यायली आणि तेव्हापासून दोघांच्या डोक्यात घरी बिअर करायचं खूळ शिरलंय. तिला वाटतं, दुकानातून मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा तयार पाक, आणावं आणि एका संध्याकाळी काम उरकावं. त्याला मात्र थेट धान्यापासून सुरुवात करायची आहे, कारण त्याच्या मते एक्स्ट्रॅक्टची बिअर म्हणजे फसवणूक. राहतात मिनिआपोलिसमध्ये, अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर. मी गेली नऊ वर्षं दोन्ही प्रकार करते, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात पडला. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्र सरकारची मुभा आहे. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्या कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून तो लागू झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. हे सगळं आंबवण्यापुरतं आहे, गाळण्यासाठी नाही. माझ्या आईने फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘म्हणजे हातभट्टीच की गं’ म्हणाली होती. हातभट्टीत दारू गाळतात, आणि घरी गाळणं इथेही गुन्हाच आहे. आणखी एक. परत जाताना हे सामान पुण्या-मुंबईला नेऊन तिथे चालू करू, असा बेत असेल तर सोडा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि घरगुती बिअरला त्यात अशी मोकळीक नाही.

आता दोन वाटा. बिअरला लागतं ते जव, म्हणजे आपले सातू, पण मोड आणून वाळवलेले. त्यालाच मॉल्ट म्हणतात. बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या सासूबाई इथे सहा महिने राहायला आल्या होत्या. त्यांनी पोत्यातला एक दाणा दाताखाली फोडला आणि ‘गोड लागतोय, मोड आणलेत होय याला?’ एवढंच विचारलं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. असा दाणा भरडून गरम पाण्यात ठेवला की ते एन्झाइम पिठाची साखर करतात. भाताचा घास बराच वेळ चघळला की गोड लागायला लागतो, त्यातलाच हा प्रकार. हे गोड पाणी म्हणजे वर्ट. कारखान्यात ते आटवून पाक केला किंवा वाळवून भुकटी केली की झालं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट. तर प्रश्न एवढाच आहे: साखर कारखान्याने करून दिलेली घ्यायची, की धान्य पिशवीत घालून घरच्या पातेल्यात आपण करायची? हॉप्स (एका वेलीची कडवट, सुवासिक फुलं) घालून उकळणं, थंड करणं, यीस्ट घालणं, बाटल्या भरणं हे पुढचं सगळं दोन्हीकडे तेच.

एक्स्ट्रॅक्टचा दिवस असा जातो. स्टोव्हवर तीन गॅलन पाणी ठेवायचं, चवीसाठी थोडं भरडलेलं रंगीत धान्य पुरचुंडीत बांधून अर्धा तास त्यात सोडायचं, ती काढली की सहा पौंड भुकटी घालायची. मग तासभर उकळी. कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीला, वासासाठी शेवटी. सिंकमध्ये बर्फ टाकून पातेलं थंड करायचं, गार पाणी ओतून पाच गॅलन भरायचे आणि यीस्ट घालायचं. तीन ते साडेतीन तास लागतात. पोरं झोपल्यावर बसलात तरी मध्यरात्रीच्या आत आवरून होतं.

यातला मोठा शत्रू म्हणजे उतू जाणं. दूध निदान सूचना देऊन वर येतं. वर्ट पाच मिनिटं नुसता फेस दाखवत गप्प बसतो आणि तुम्ही हॉप्सचं पाकीट कापायला वळलात की सगळाच्या सगळा शेगडीवर. माझा पहिला घाणा असाच काचेच्या स्टोव्हवर गेला. साखरेचा पाक तापलेल्या काचेवर जळला की काय होतं ते ज्याने खरवडलंय त्यालाच माहीत. मी ब्लेड घेऊन दोन संध्याकाळी घासत होते, आणि बर्नरच्या कडेचा तपकिरी चंद्र अजून आहे. भुकटी घालताना आच बंद करायची, घालून झाल्यावर तळापासून ढवळायचं, मगच परत पेटवायचं. नाहीतर गठ्ठे खाली बसून करपतात.

दुसरी तक्रार रंगाची आणि चवीची. एक्स्ट्रॅक्टची बिअर अपेक्षेपेक्षा एक छटा गडद होते, कधीकधी जुनाट, काकवीसारखी लागते. हा दोष बऱ्याचदा शिळ्या पाकाचा असतो. म्हणून मी पाकापेक्षा भुकटी घेते, ती जास्त टिकते. आणि सगळी सुरुवातीलाच न घालता अर्धी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालते. एवढं केलं तर अंबर, पोर्टर, स्टाउट, गव्हाची बिअर हे प्रकार इतके चांगले होतात की डोळे मिटून प्यायला दिले तर सांगता येणार नाही. पण फिकट पिल्सनर किंवा ओट्सची दाट स्टाउट हवी असेल तर एक्स्ट्रॅक्ट कमी पडतो. ओट्समधल्या पिठाची साखर करायला मॉल्टचे एन्झाइम लागतात, आणि डब्यात ते उरलेले नसतात.

आता पिशवी. ऑल-ग्रेन, म्हणजे सगळं धान्यापासून, म्हटलं की पूर्वी तीन भांडी, नळ्या, पंप असा संसार मांडावा लागे. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी ‘ब्रू-इन-अ-बॅग’ची पद्धत रूढ केली आणि एका मोठ्या भांड्यावर काम भागायला लागलं. भांड्यात बारीक जाळीची पिशवी लावायची, आधण १५८ फॅरनहाइटपर्यंत आणायचं आणि दहा पौंड भरडलेलं धान्य हळूहळू वैरायचं. गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, अगदी उप्पीटाच्या रव्यासारखं. तापमान १५२ वर, म्हणजे ६७ सेल्सिअसच्या आसपास आलं की आच बंद करून झाकण लावायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. मी पहिल्यांदा ते भांडं गोधडीत गुंडाळलं. सासूबाईंनी स्वतः शिवून आणलेली गोधडी. तासाभरात तापमान दोन अंशसुद्धा उतरलं नाही, पण गोधडीला लागलेला डाग आणि त्याबद्दल ऐकून घेतलेलं अजून निघालेलं नाही.

आणि मग पिशवी उचलायची. दहा पौंड धान्य पाणी पिऊन वीस पौंडांच्या आसपास जातं, वर ते तापलेलं आणि गळणारं असतं. श्रीखंडासाठी चक्का टांगतो तशी टांगायची, पण चक्क्याला खुंटी पुरते, इथे मी पत्र्याच्या शिडीला कप्पी लावली आहे. कमरेचं दुखणं असणाऱ्याने हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

या वाटेने मिळतं काय, तर ताबा. मॅश, म्हणजे गरम पाण्यात मुरणारं ते धान्य, १४८ ला ठेवला तर जास्त साखर आंबते आणि बिअर कोरडी, हलकी होते. १५६ ला ठेवला तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि बिअर तोंडात भरल्यासारखी लागते. आठ अंशांत अख्खी बिअर बदलते. एक्स्ट्रॅक्टमध्ये हा निर्णय कारखान्याने तुमच्या वतीने आधीच घेतलेला असतो. मला स्वतःला ऑल-ग्रेन आवडतं ते याचसाठी, आणि मॅशच्या वासासाठी. पावसाळ्यात घरात शिजणाऱ्या सातूच्या लापशीसारखा, थोडा बिस्किटांकडे झुकलेला वास येतो.

पण ताबा आला की चूकही आपलीच. माझ्या पहिल्या घाण्यात हायड्रोमीटरवर (वर्टमध्ये साखर किती ते दाखवणारी तरंगती नळी) १.०५० यायला हवं होतं, आलं १.०३८. दुकानातून दळून आणलेलं धान्य जाड भरडलेलं होतं, बरेच दाणे अख्खे. पाच टक्के अल्कोहोलची पेल एल (फिकट बिअर) व्हायची, ती झाली पावणेचार टक्क्यांची. सहा तास राबून भरवशाच्या म्हशीला टोणगा. आंबण्याआधीच्या आणि आंबून झाल्यावरच्या आकड्यातला फरक १३१.२५ ने गुणला की अल्कोहोलचा साधारण टक्का निघतो. भरड दोनदा काढून घ्यायची, हे मी तेव्हा शिकले. एक्स्ट्रॅक्टमध्ये हा घोळ होत नाही. ठरलेलं वजन, ठरलेलं पाणी, ठरलेला आकडा.

पैशाचं थोडक्यात. एकाच ताकदीच्या बिअरसाठी धान्य एक्स्ट्रॅक्टपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ‘ऑल-ग्रेनने पैसे वाचतात’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्या माणसाने मोठं भांडं, प्रोपेनचा बर्नर, तांब्याचं कॉइल आणि घरची भरड गिरणी यांचा हिशेब मांडलेला नसतो. मी एकदा मांडला आणि ती वही नवऱ्याला दिसणार नाही अशा जागी ठेवली.

आमच्याकडे खरा फरक हवामानाने पडतो. पाच गॅलनच्या ऑल-ग्रेनला सात गॅलनच्या वर पाणी तापवावं लागतं. ते विजेच्या स्टोव्हवर उकळीला येता येत नाही, म्हणून बर्नर अंगणात. घरात किंवा बंद गॅरेजमध्ये प्रोपेन कधीही पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जानेवारीत उणे वीसमध्ये अंगणात उभं राहायची हौस मी दोनदा भागवली. थंड करायच्या कॉइलची नळी गोठून काठीसारखी ताठ झाली आणि उकळता वर्ट बर्फात पुरून बसावं लागलं. त्यामुळे थंडीत स्वयंपाकघरात एक्स्ट्रॅक्ट आणि मे ते ऑक्टोबर अंगणात पिशवी, अशी माझी वाटणी आपोआप झाली. उन्हाळ्यात उलटी अडचण. शहराचं पाणी मिसिसिपी नदीचं, ऑगस्टमध्ये नळालाच कोमट येतं आणि कॉइल हवं तेवढं गार करत नाही.

पाणी कोणत्याही वाटेला सोडत नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं. ते उकळून सहजी जात नाही, आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. वीस गॅलनला एक कॅम्पडेन गोळी पुरते. चुरून टाकायची, दोन मिनिटांत काम होतं.

इथून पुढे दोन्ही वाटा एक होतात, आणि नवखे नेमके इथेच मार खातात. धान्य की पाक यावर महिनाभर वाद घालतात आणि फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, ठेवतात फडताळात, हीटरशेजारी. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, आतलं तापमान खोलीपेक्षा पाचेक अंश वर जातं. एलचं यीस्ट पंच्याहत्तर फॅरनहाइटच्या वर गेलं की बिअर डोकं चढवणारी आणि नेलपॉलिशच्या वासाची होऊ शकते. चौसष्ट ते अडुसष्टमध्ये राहू दे. आमचं तळघर ते फुकटात करतं. अपार्टमेंटमध्ये टबात पाणी, त्यात फर्मेंटर, वर ओला टीशर्ट आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याची गोठवलेली एकेक बाटली. स्वच्छतेचंही तसंच: लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू न देणाऱ्या बायकांच्या हाताखाली शिकलेल्यांना सॅनिटायझरचं महत्त्व पटकन पटतं.

बाटल्यांची घाई करू नका. हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस हलला नाही, म्हणजे आंबणं थांबलं, तरच भरायच्या; नाहीतर बाटलीत गॅस कोंडतो. मी एकदा हललेला आकडा बघून न बघितल्यासारखा केला. आठवड्याने रात्री दीडला कपाटात तीन बाटल्या फुटल्या. तेव्हा कपाटाजवळ कोणी नव्हतं म्हणून बरं, काचा मागच्या लाकडात रुतल्या होत्या.

उरलेल्या धान्याचा मुद्दा पिशवीच्या बाजूने धरा. गोडवा निघून गेला तरी कोंडा आणि थोडं सत्त्व राहतं. सासूबाईंनी ते ओव्हनमध्ये वाळवून, मिक्सरवर दळून थालीपिठाच्या भाजणीत मिसळलं. चार वाट्या भाजणीला एक वाटी, त्याहून जास्त नको, टरफलं घशात टोचतात. उकळलेले हॉप्स मात्र कुत्र्याच्या वाटेत येऊ देऊ नका, त्यांना ते विषारी आहेत.

तर त्या जोडप्याचं काय? अंगण नाही, आणि बहुतेक अपार्टमेंटच्या बाल्कनीत प्रोपेनची शेगडी चालत नाही. घर आणि अंगण असतं, शनिवार मोकळा असता आणि आकड्यांत रमणारा स्वभाव असता, तर मीही त्याच्याच बाजूने कौल दिला असता. इथे पहिले दोन घाणे तिच्या म्हणण्याप्रमाणे, एक्स्ट्रॅक्टचे: एक अंबर, एक पोर्टर. उतू जाणं, यीस्ट, बाटल्या, हे सगळं त्यात हाताखालून जाईल. तिसरा त्याचा. पण अर्ध्या मापाने, अडीच गॅलन. पाच पौंड धान्य आणि चार गॅलन पाणी पाच गॅलनच्या त्याच पातेल्यात मावतं, स्टोव्हही उकळी आणतो, पिशवी एका हाताने उचलता येते. बाटल्या चोवीसच होतात, पण दोन माणसांना चोवीस पुरे. विजेवर चालणारी एकत्र यंत्रं येतात ती सुबक असतात, पण इथल्या साध्या प्लगवर उकळी यायला फार वेळ घेतात, आणि तिसऱ्या घाण्यानंतर हौस टिकेल की नाही हे कळायच्या आत एवढा खर्च करू नये.

पातेलं, फर्मेंटर, हायड्रोमीटर आणि सॅनिटायझर एवढंच आधी घ्यायला सांगितलंय. पिशवी घेऊ नका म्हटलं, माझी जुनी देते. परत करताना हाताने, नुसत्या गरम पाण्यात धुवायची. मागच्या वेळी एकीने ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती, आणि माझ्या पुढच्या पेल एलला लॅव्हेंडरचा वास आला होता.