आठ महिने, एक फ्रेम आणि बॉटम ब्रॅकेटची कुरकुर

परवा जळगावजवळच्या पाळधीच्या पुढे बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा, तो आवाज पुन्हा आला असता, तर ही फ्रेम मी विकायला काढली असती. आला नाही. सहा आठवडे झाले, सायकल गप्प आहे. म्हणून आता शांत डोक्याने लिहितो.

जुनी माझी ॲल्युमिनियमची रोड बाइक, ११ स्पीडचा शिमानो १०५ हा गिअर-ब्रेकचा संच, वर कोपर टेकवून पुढे वाकायला क्लिप-ऑन एअरोबार. दोन वर्षं साठवलेले ९० हजार हातात. एक तर तिलाच अल्टेग्रा (शिमानोचाच वरचा संच) आणि वारा कापणारी खोल रिमची डीप व्हील लावायची, नाहीतर ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, धावणं सलग) कार्बन फ्रेम आणून जुनं सामान तिच्यावर चढवायचं. त्या पिढीच्या १०५ आणि अल्टेग्राच्या वजनात फरक पाव किलोच्या आसपास, गिअर दोघांना ११च. पाव किलोसाठी एवढे पैसे मोडणं जिवावर आलं. फ्रेम घेतली.

हिशेबात माझी एक चूक झाली, तुमची होऊ देऊ नका. रोड बाइकचे ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर ट्रायथलॉनच्या हँडलला चालत नाहीत. बारच्या टोकाचे शिफ्टर, वेगळे ब्रेक लिव्हर, नव्या केबल, सगळं वरखर्चात. केबल फ्रेमच्या पोटातून ओवायला दीड दिवस गेला. शिवाय माझी चाकं रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेला लागणारी, आणि नव्या फ्रेम आता बहुतेक डिस्क ब्रेकच्या. शेवटी पुण्यातल्या एका दुकानात मागच्या स्टॉकमधली मिळाली.

दुसऱ्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. उजवा पाय खाली गेला की कर्र. एरंडोलला जाऊन परत यायचं म्हणजे साठेक किलोमीटर. इतका वेळ तो आवाज ऐकून डोकं उठायचं. पेडल बदलून पाहिले, सीटपोस्ट काढून पुसला, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट ग्रीस लावून आवळले, मागचा गिअर ज्याला टांगतात तो हँगर तपासला. दोष बॉटम ब्रॅकेटचाच. ही फ्रेम बीबी ८६ नावाच्या प्रेस-फिट मापाची: बेअरिंगचे कप फ्रेमच्या भोकात नुसते दाबून बसवायचे, आटे नाहीत. त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, कुठेही शिरते. जुन्या सायकलला आट्यांचा बॉटम ब्रॅकेट होता, चार वर्षांत त्याने एकदाही तोंड उघडलं नाही.

दुकानदाराला व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं, फ्रेमला तडा असेल तर बघू, आवाज वॉरंटीत बसत नाही. तपासायला सायकल पुण्याला पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. तीन आठवडे भांडलो आणि फोन करणं सोडलं. फ्रेम घेऊन फसलो, असं तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

ते मत मार्चमध्ये बदललं, आवाज चालू असतानाच. पहाटे पाचला निघून ९० किलोमीटर केले, उतरलो आणि लगेच मेहरूण तलावाकडे धावायला लागलो. पाय मोकळे होते! जुन्या सायकलवरून उतरल्यावर पहिले तीन किलोमीटर मांड्या दगड झालेल्या असायच्या, कंबर सरळ व्हायची नाही. सामान तर तेच, फक्त सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या नळीचा, कोन ७३ अंशांवरून ७८ वर गेलेला. त्यामुळे बसणं पुढे सरकतं, एअरोबारवर वाकलं तरी पोट आणि मांडीमधली जागा दबत नाही. अल्टेग्राने हे झालं नसतं. वाऱ्याला सगळ्यात जास्त अडवतं ते आपलं अंगच, आणि तसं वाकून तास-दोन तास टिकता आलं तरच एअरोबारचा उपयोग.

आवाज मिटवला एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी. मापाचं वर्नियर लावून म्हणाले, "कप सैल बसतोय, भो." मग दोन्ही कप एकमेकांत आट्यांनी आवळले जातात असा बॉटम ब्रॅकेट मागवला. काकांनी कप दाबून बसवायला धातूचे बुश करून दिले, अर्ध्या तासात बसवला. मजुरी घेतली दोनशे रुपये. पुण्याच्या भाड्यात असे किती बुश झाले असते!

टायरबद्दल थोडं. या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरपेक्षा जाड टायर मावत नाही आणि सायकल रस्त्याच्या कडेला घेतली की सराटे घुसतात. दोन ट्यूब सोबत ठेवाव्याच लागतात.

अमळनेरच्या एका मित्राची हीच खरेदी चालू आहे. त्याला सांगितलंय, किंमत नंतर विचार, आधी बॉटम ब्रॅकेटला आटे आहेत का ते विचार. आणि आताच्या सायकलवर कंबर दुखत नसेल, तर फ्रेमच्या वाटेला जाऊच नको. माझ्याकडे डीप व्हीलचे पैसे राहिले नाहीत. आता जे साठेल ते गोव्याच्या हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या फीला.