नागिणीची पुडी आणि बायोप्सीची एकच बाटली

पेम्फिगस या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते: तोंडात महिनोन्‌महिने न भरणारे छाले, मग छाती-पाठीवर फोड. नागपुरात अशा रुग्णाला पहिला सल्ला मिळतो: "नागीण आहे, उतरवून घ्या." उतरवणारा लेप लावतो आणि पेपरच्या कागदात बांधलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या देतो. आठवडाभरात फोड सुकू लागतात, भूक लागते, पुढे चेहराही भरतो. घरचे म्हणतात, गुण आला! अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या असतात. पुडी थांबली की फोड पुन्हा उठतात, आणि पुढच्या पुडीचा भाव वाढलेला असतो. काही आठवडे खाल्लेली पुडी एकदम सोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून ती फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

नागीण साधारणपणे अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, ठणकते आणि दोन ते चार आठवड्यांत आपली आपण जाते. उतरवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. पेम्फिगसचे फोड दोन्ही बाजूंना येतात, सैल असतात, धक्क्यानं फुटून लाल कच्ची कातडी उघडी पडते. पेम्फिगॉइड हा त्याच जातीचा दुसरा रोग बहुधा साठी-सत्तरीनंतर होतो. आधी खाज, मग टणक, ताणलेले फोड. दोन्ही रोग लागत नाहीत, ताट-वाटी वेगळी काढू नका.

दुसरी फसवणूक पावतीसकट होते. निदानाला बायोप्सीचे दोन तुकडे लागतात. एक ताज्या फोडाच्या काठाचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या धड कातडीचा, डीआयएफ तपासणीसाठी, म्हणजे कातडीत बसलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधण्यासाठी. तो मिशेलच्या द्रावणात जातो, किंवा 24 तासांत पोहोचणार असेल तर सलाइनमध्ये. हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की तपासणी वायाच गेली. काही ठिकाणी पैसे दोन्हींचे घेतात, बाटली मात्र एकच भरतात, आणि रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह'. बाटल्या स्वतः मोजा. रिपोर्टमध्ये आयजीजी (एक प्रतिपिंड) आणि सी3 (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) यांचा उल्लेखच नसेल, तर डीआयएफ झालीच नाही असं धरा आणि जाब विचारा. पेम्फिगसमध्ये ही प्रथिनं पेशींच्या मधे जाळीसारखी दिसतात, पेम्फिगॉइडमध्ये वरच्या थराखाली सरळ रेघेत.

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जाताना उरलेली पुडी आणि फोडांचे फोटो सोबत न्या, आणि पुडी खाल्ल्याचं लपवू नका. डीआयएफ त्यानंतरही बहुधा पॉझिटिव्ह येते; डेस्मोग्लीन या कातडीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा मात्र पुडीमुळे उतरलेला असू शकतो.