फोर्क बदलला म्हणून १७,५३० घेतले, बदललं काहीच नव्हतं

१७,५३० रुपये. त्यातले ८,००० ॲडव्हान्स यूपीआयवर, बाकीचे ९,५३० रोख, कारण गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी नेमकं "स्कॅनर चालत नाहीये साहेब". एवढे मोजून मला परत मिळाला माझ्या बाइकचा तोच वाकलेला फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाईप), नवा म्हणून. लाज वाटते सांगायला. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण उद्या तुमची गाडी आपटली तर तुम्हीही अशाच एखाद्या काउंटरसमोर उभे असाल, म्हणून लिहितोय.

गाडी पुढून दुभाजकावर धडकली. वेग फार नव्हता. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण चाक सरळ धरलं की हँडल डावीकडे वळलेलं दिसायचं. गाडी गॅरेजला टाकली. पुढची पद्धत तुम्हाला पाठ असेल. आधी "खोलल्याशिवाय सांगता येत नाही", मग खोलल्यावर फोन, आणि फोनवर भीती. "फोर्क गेलाय, टी गेलीय, चेसिसपण आउट आहे. साठच्या वर गेलात तर गाडी जागेवर राहणार नाही." टी म्हणजे फोर्कचे दोन्ही पाईप एकत्र धरणारा आडवा भाग. इन्शुरन्समधून करू का विचारलं तर गॅरेजचा मालक म्हणाला, "कशाला? एनसीबी जाईल तुमचा." माझा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्क्यांवर पोचला होता, त्यामुळे ते पटलं. क्लेम केला असता तर सर्व्हेअर गाडी बघायला आला असता, आणि तोच त्याला नको होता, हे आता कळतंय.

बिल असं: फोर्क पाईपची जोडी ४,२६०, खालची टी २,१५०, कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ६४०, ऑइल आणि सील ७८०, "चेसिस अलाइनमेंट (मशिन)" ६,५००, मजुरी ३,२००. पॅडच्या कागदावर, बॉलपेनने. वर ना गॅरेजचं नाव, ना जीएसटी नंबर. पक्कं बिल मागितलं तर "वर टॅक्स लागेल, उगाच कशाला" हे ठरलेलं उत्तर.

आता तो क्षण, जो अजून झोपू देत नाही. गाडी घ्यायला थोडा लवकर पोचलो. आत एक पोरगा माझ्या गाडीसमोर उभा होता. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलेलं, हात हँडलवर, आणि अंगातला सगळा जोर लावून तो हँडल पिळत होता. मग थोडं मागे सरकून, एक डोळा मिटून बघायचा, की परत पिळायचा. मी तिथेच उभा होतो. काय चाललंय विचारलंसुद्धा. मालक काउंटरवरूनच म्हणाला, "फायनल सेटिंग." आणि मी चहा पीत ते फायनल सेटिंग बघत बसलो!

हा पिळायचा प्रकार मुळात खोटा नाही, म्हणूनच डोळ्यांत धूळ जाते. गाडी पडली की बऱ्याचदा काहीच वाकलेलं नसतं. फोर्कचे दोन्ही पाईप टीमध्ये जागच्या जागी फिरलेले असतात, एवढंच. एक्सल, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करायचे, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करायचं, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खालीवर दाबायचा म्हणजे तो आपली जागा घेतो, मग सगळं नीट आवळायचं. पार्ट एकही लागत नाही. पण पाईपच वाकला असेल तर कितीही पिळा, हँडल सरळ दिसेल आणि गाडी ओढतच राहील. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि यांचं दुकान त्यावरच चालतं. माझ्या बिलात पाईप नवे होते, टी नवी होती. नवे सरळ पाईप नव्या सरळ टीत बसवले की एक्सल हाताने आरपार सरकतो, चाक सरळच बसतं. मग तो पोरगा एवढा जोर लावून काय पिळत होता?

मला शहाणपणा शिकवायच्या आधी एवढंच सांगा, तुमच्यातल्या कितीजणांना हे माहीत होतं? मी बँकेत हिशोब बघणारा माणूस. गाडी कळत नाही म्हणून तर गॅरेजला पैसे दिले. जुने पार्ट मागितले होते, हेही लिहून ठेवा. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला" असं उत्तर मिळालं. भंगारवाला सकाळी आणि गाडीची डिलिव्हरी संध्याकाळी, त्यावर मी काय बोलणार होतो? तुम्ही मात्र ॲडव्हान्स देतानाच बजावा की जुने पाईप आणि टी पिशवीत बांधून हवेत, नाहीतर बाकीचे पैसे मिळणार नाहीत. आणि गाडी टाकायच्या आधी पाईपवर, टीवर, कोनाच्या नटावर मार्करने बारीक खूण करून फोटो काढा. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजलो तो मी.

गाडी पहिल्याच चौकात डावीकडे ओढायला लागली. फोन केला तर "टायर सेट व्हायला शंभर-दोनशे किलोमीटर लागतात". टायर तोच जुना होता, तो नव्याने काय सेट होणार? पुढे फोर्कच्या उजव्या पाईपच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं, तेव्हा एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या टायरपर्यंत आणली आणि दोन्हीकडचं अंतर पाहिलं. पुढचं चाक एका बाजूला सरकलेलं. मग पाईप काढून काचेवर लोळवले. डावा गुळगुळीत गेला. उजव्याखालून प्रत्येक फेरीला उजेड दिसायचा, टीच्या जरा खालच्या जागी. लेथवाल्याकडे पाईप फिरवत मोजमापाचं डायल लावून पाहिलं तर काटा ३ मिलिमीटर फिरला. प्रत्यक्ष वाक त्याच्या निम्मा धरतात, म्हणजे दीड. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिलिमीटरची असते.

मग त्याने एकेक दाखवत नेलं. टी जुनीच, कारखान्यातला रंग तसाच, आणि पूर्ण सरळ. ती बदलायची गरजच नव्हती. कोन सेट जुना, आत सुकलेलं ग्रीस. चेसिसचं तर विचारूच नका. धडकेत चेसिस वाकलं तर हेडच्या, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या, मागच्या जोडाजवळ रंग तडकतो, तिथून खाली उतरणाऱ्या डाउन ट्यूबवर सुरकुती येते. माझ्याकडे तसं काही नव्हतं. चेसिस मशिनवर घ्यायचं तर निदान टाकी तरी उतरवावी लागते, आणि माझ्या टाकीच्या बोल्टवर अपघाताच्या आधीची माती होती! ६,५०० रुपये त्या मातीला हात न लावता घेतले.

त्याने पाईपची जोडी ४,२६०, ऑइल-सील ७८० आणि मजुरी ९०० असे ५,९४० घेतले, कंपनीच्या पाकिटासकट. गाडी आता सरळ जाते. काहीजण वाकलेला पाईप प्रेसवर सरळ करून देतात, कमी पैशात. नका करू. त्या जागेचं क्रोम तडकतं, सील खातं, आणि धातू तिथे एकदा थकलेला असतो. पुढचा जोराचा ब्रेक तुम्हालाच मारायचा आहे. माझे एकूण २३,४७० गेले, आणि जी गोष्ट जीव घेऊ शकली असती तिच्यावर बसून मी रोज कामाला जात होतो.

यापुढची कथा ऐकून तर हसाल. चौकीत गेलो. साहेबांनी कागद न वाचताच "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत दिला. वाकलेल्या फोर्कवर माणूस मेला असता तर ते कुठलं मॅटर झालं असतं, असं विचारलं, तर "मेला का?" परिवहनच्या कार्यालयात गेलो, तिथे "गॅरेजशी आमचा संबंध नाही". हेल्पलाइनवर तक्रार टाकली. त्यांनी ती गॅरेजला पाठवली, गॅरेजने उत्तर दिलं नाही, आणि मला मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कुणाचं निराकरण?

राहिला ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं, बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. हे सगळं वाचून उड्या मारत गेलो. तिथे पहिला प्रश्न, बिलावर गॅरेजचं नाव कुठे आहे? दुसरा, यूपीआयचे ८,००० तर कुणा व्यक्तीच्या खात्यात गेलेत, ती व्यक्ती कोण? पैसे टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं ना, ते वाचत जा. दुकानाचं नसेल तर तिथेच थांबा. तिसरी मागणी, तज्ज्ञाचा लेखी अहवाल. त्या वयस्क मेकॅनिकला विचारलं. माणूस सज्जन, पण म्हणाला, "मला याच लाइनीत धंदा करायचाय, लिहून नाही देणार." एका वर्कशॉपने अहवालाचे २,५०० सांगितले. तेही दिले.

मध्ये गॅरेजकडून निरोप आला, ३,००० घ्या आणि केस मागे घ्या. मी म्हटलं, पाईप बदलले नव्हते एवढं कागदावर लिहून सही करा, मग बोलू. त्यावर फोन बंद. परवा आयोगात चौकशी केली तर नोटीस "पत्ता अपूर्ण" शेऱ्यासह परत आलेली. तो पत्ता गॅरेजच्या बोर्डावर फूटभर अक्षरांत रंगवलेला आहे. आता बोर्डाचा फोटो जोडून पुन्हा अर्ज दिलाय, पुढच्या तारखेला बघू.