डिझेलमधलं पाणी ‘गायब’ करणाऱ्या औषधापासून सावध राहा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी मुद्दाम लिहितोय. डिझेलच्या बॅरलमधलं पाणी नाहीसं करून देतो म्हणत एक माणूस मळ्यामळ्यांवर फिरतोय. माझ्याकडे त्याने बाटल्या खपवल्या, शेजारच्या वस्तीवर खपवल्या, मोहाडीला माझ्या मेहुण्यालाही दिल्या. बाटल्यांचे पैसे एक वेळ सोडून देऊ, पण ट्रॅक्टरचा डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल सोडणारे नोझल गेले, आणि तेही ऐन फवारणीत.

आपल्याला डिझेल साठवावंच लागतं. फळछाटणीनंतर पोंग्यापासून, म्हणजे कोंब फुटल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत पाऊस झाला की डाऊनी या बुरशीसाठी त्याच दिवशी ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) बागेत घालावा लागतो. तेव्हा कॅन घेऊन पंपावर कोण पळणार? शिवाय लाईटचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर. आणि साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी शिरतं, हेही खोटं नाही. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं, रात्री बॅरल गार झालं की आतली हवा आकसते आणि बूच नीट आवळलेलं नसेल तर ते पाणी आट्यांतून आत ओढलं जातं. बॅरल अर्धं रिकामं असलं तर आपल्या निफाडच्या थंडीत पत्र्याला आतून दव धरतं. पाणी जड, डिझेल हलकं, त्यामुळे सगळं पाणी तळाला जाऊन बसतं. दुखणं खरं आहे, म्हणूनच या माणसाचा धंदा चालतो.

तो गडी मोटारसायकलवर आला. बोलायला अगदी अदबशीर. “दादा, तुमच्या बॅरलमध्ये पाणी आहे का बघू का? तपासायचे पैसे घेत नाही.” पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी तपासायला पट्टीला लावतात ती पेस्ट त्याच्याकडे होती. काठीला पेस्ट लावून त्याने ती बॅरलच्या तळापर्यंत घातली. बाहेर काढली तर खाली दोन बोटं लालभडक. तोवर त्याने काहीच खोटं केलेलं नव्हतं, पाणी होतंच.

मग त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्धा लिटर डिझेल घेतलं, वर थोडं पाणी ओतलं. पाणी तळाला गेलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यात झाकणभर औषध टाकून त्याने बाटली खळखळून हलवली. डिझेल स्वच्छ, तळाला थेंब नाही. तेच औषध बॅरलमध्ये ओतून पट्टीने ढवळलं, थोड्या वेळाने नवी पेस्ट लावून काठी घातली, तर काठीवर लाल रंगाचा ठिपकाही नाही. घरातले सगळे बघत उभे होते. आबा म्हणाले, “घेऊन ठेव, पावसाळ्यात कामाला येईल.”

पुढे ब्लोअर ओळीत असतानाच ट्रॅक्टर मिसिंग करायला लागला, पांढरा धूर सोडायला लागला, लोडवर ओढेना. फिल्टरखालची पाण्याची वाटी उघडली, तर तिथे पाणीच नाही. पिंपळगावच्या फिटरने दोन फिल्टर बदलून पाहिले, शेवटी नोझल खोलले. पंपाच्या प्लंजरवर गंजाचे बारीक डाग, एका नोझलची टोकं खाल्लेली. त्याने बॅरलमधलं डिझेल काचेच्या बरणीत घेतलं आणि मागे वर्तमानपत्र धरलं. मथळासुद्धा धड वाचता येईना. ताकाच्या निवळीसारखं गढूळ. चांगलं डिझेल आरपार दिसतं, मागची बारीक अक्षरंही वाचता येतात.

मग त्यानेच सगळी मेख समजावून सांगितली. त्या बाटलीत पाणी संपवणारं काही नव्हतं. साबणाच्या जातीचं काहीतरी होतं, जे पाण्याचे बारीक बारीक थेंब करून डिझेलभर पसरवतं. पाणी होतं तेवढंच राहतं, फक्त तळाला बसत नाही. पेस्ट साचलेलं पाणी दाखवते, असं विखुरलेलं पाणी दाखवत नाही. म्हणून काठी कोरी आली. आणि ट्रॅक्टरचा वॉटर सेपरेटर, म्हणजे फिल्टरखालची ती पाण्याची वाटी, चालतो तोही पाणी जड होऊन खाली बसतं म्हणूनच. ते बसलंच नाही तर सरळ पंपात जातं. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, तिथे पाणी पोचलं की गंज आणि घासण सुरू. नोझलच्या टोकाशी गरमीने त्याच पाण्याची वाफ होते आणि टोक उडतं. फार जास्त दाबाने डिझेल सोडणारा नवीन कॉमन रेल ट्रॅक्टर असेल तर खर्च ऐकवत नाही.

डेमोतला दुसरा खेळ मापाचा. अर्धा लिटरला त्याने झाकणभर, म्हणजे दहा मिली औषध टाकलं. त्या हिशोबाने दोनशे लिटरच्या बॅरलला चार लिटर लागेल. लेबलवर मात्र ‘एका बॅरलला १०० मिली’. म्हणून बाटलीत डिझेल काचेसारखं दिसलं आणि बॅरलमध्ये गढूळ झालं. लेबलवर उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पावती कच्ची, जीएसटी नंबर नसलेली, आणि तिच्यावरचा मोबाईल आता बंद.

बॅरलमध्ये पाणी आलंच तर औषधाची गरजच नसते. बॅरल विटेवर थोडं कलतं करून एक दिवस अजिबात न हलवता ठेवा, हातपंपाची नळी खालच्या कडेला टेकवून आधी तळाचं पाणी आणि गाळ काढून घ्या, मग नळी चार बोटं वर घेऊन डिझेल भरा. फिल्टरवर काळा बुळबुळीत थर दिसला तर पाणी बरेच दिवस साचून त्यात जंतू वाढलेत असं समजा. त्यावर मारायचं औषध खरोखर मिळतं, पण ते जंतू मारतं, पाणी काढत नाही. पाणी आधी उपसावंच लागतं. बॅरल छपराखाली ठेवा. बाहेर ठेवावं लागलं तर आडवं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली येतील असं.

मी पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीय. खराब डिझेल तसंच ठेवलंय, बरणीतला नमुना आणि उरलेली बाटली सील करून पंचांच्या सह्या घेतल्यात. मेहुण्यानेही तेच केलंय. तुमच्याकडेही हा माणूस येऊन गेला असेल तर बाटली टाकून देऊ नका, पावतीचा फोटो काढून ठेवा आणि जवळच्या ठाण्यात अर्ज द्या. सगळ्यांचे अर्ज एकत्र आले तर तपासाला जोर येईल. आणि त्याने विकलेलं औषध बॅरलमध्ये ओतलं असेल, तर ते डिझेल आजपासून ट्रॅक्टरमध्ये घालू नका.