वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) तांब्याच्या बॉयलरला चांदीचा डाग (सांधे जोडणं), पाच स्टार

प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कात नॅरो गेजचं इंजिन बघून पोराला वेड लागलं आणि मग मलाच जास्त लागलं, म्हणून घरी छोटं स्टीम इंजिन करायला घेतलंय. ३ इंची तांब्याचा पाइप, दोन्ही टोकांना चकत्या, खालून स्पिरिटचा दिवा, एवढा साधा बॉयलर.

आधी शहरात एकाने सांध्यांना कथील-शिशाचा डाग मारून दिला होता, दिसायला छान, पण तो डाग साधारण १८३ डिग्रीला वितळतो आणि माझ्या बॉयलरच्या ४० पीएसआय दाबाला (दर चौरस इंचाला ४० पौंड) वाफच १४० च्या वर असते, पाणी जरा कमी झालं की तांबं त्याहून तापणार आणि डाग संपलाच! नशीब की पेटवायच्या आधी कळलं.

मग मकरपुऱ्याच्या या शेडमधल्या काकांकडे गेलो. ड्रॉइंग बघताच म्हणाले, "वच्चे सळियो नाखवो पडशे," म्हणजे मध्ये सळई घालावी लागेल. मला वाटलं एवढ्याशा डब्याला कशाला, तर त्यांनी हिशोब करून दाखवला, ४० पीएसआयला ३ इंची चकतीवर जवळजवळ १२८ किलोचा जोर येतो, सपाट चकती फुगणारच. सळई आरपार घातली. पितळी बुश (व्हॉल्व्ह वगैरे बसवायचे आटेवाले तुकडे) नेले होते तेही परत दिले, गरम पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि बुश ठिसूळ होतो, गनमेटलचेच (तांबं-कथलाचा मिश्रधातू) आणा म्हणाले.

काम बघण्यासारखं. नुसता सांधा नाही तापवत, विटांच्या आडोशात अख्खा बॉयलर लाल करतात, कारण तांबं उष्णता लगेच पळवतं, आणि मग ५५ टक्के चांदीची सळी टेकवली की डाग आपोआप सांध्यात ओढला जातो. सळी कॅडमियम नसलेली वापरतात, त्याचा धूर विषारी असतो म्हणून हे मी मुद्दाम विचारलं होतं. नंतर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवून स्वच्छ.

सगळ्यात आवडलं ते टेस्टिंग, पाणी काठोकाठ भरून, हवा काढून, हातपंपाने माझ्यासमोर ८० पीएसआय, म्हणजे दुप्पट, २० मिनिटं काटा हलला नाही. हवेने टेस्ट करा म्हटलं तर साफ नाही म्हणाले, पाण्याने फुटलं तर गळतं, हवेने फुटलं तर उडतं.

चांदीचे पैसे वजनावर, त्या दिवसाच्या भावाने, म्हणून बिल जरा जड वाटतं. उशीर होतो, मला ९ दिवस जास्त लागले. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गनमेटलचे बुश त्यांच्याकडे मिळत नाहीत, आपले घेऊनच जा.