सृष्टीच्या गोष्टींचा बालसंच (४ पुस्तकं + पोस्टर): तीन पुस्तकं जरूर घ्या, चौथं मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः वाचा

नाताळच्या आधी सोलापूरला आमच्या रेल्वे लाईन्स भागात ख्रिस्ती पुस्तकांचा एक स्टॉल लागला होता, तिथून हा संच घेतला, साडेसहाशे रुपयांना. चार पुस्तकं, भिंतीवर लावायचं एक मोठं पोस्टर आणि स्टिकरचं एक पान. मुलगा पाचवीत आहे, मुलगी नववीत. दोन अडीच महिने झाले, दोघांचं वाचून झालंय, मी तर चौथं पुस्तक तीनदा वाचलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. प्रकाशनाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशी पुस्तकं बऱ्याच ठिकाणची मिळतात आणि मला एकावर राग काढायचा नाहीये.

आधी चांगलं सांगते, आणि चांगलं खरंच भरपूर आहे. कागद जाड आहे, पिना मारलेल्या नाहीत, शिवण आहे, आमच्या पोरानं दोन महिने कसंही हाताळलं तरी एक पान सुटलं नाही. पहिल्या पुस्तकात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले, देवानं जग घडवलं ते सहा दिवस आहेत, शब्द कमी आणि चित्रं मोठी. काळोख्या पाण्यावर पहिला उजेड पडतो ते पान उघडलं की मी अजून थांबते बघा. दुसऱ्यात अब्राहाम आणि योसेफ, तिसऱ्यात प्रभू येशूचे दाखले, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या बोधकथा. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन येणारा मेंढपाळ काढलाय त्याच्या खांद्यावर चक्क घोंगडं आहे, पायात आपल्याकडच्यासारख्या जाड वहाणा. मुलगा म्हणाला हा तर मंगळवेढ्याच्या रस्त्याला दिसतो तसाच आहे. मराठी पण घरातल्यासारखी आहे, आजी गोष्ट सांगते तशी.

चौथं पुस्तक उघडलं की भाषाच बदलते. तिथे सरळ कळतं की हे इंग्रजीवरून उतरवलंय, वाक्यं अडखळतात. आणि विषयही बदलतो, कारण हे पुस्तक गोष्ट सांगत नाही, पृथ्वीचं वय सांगतं. आदामापासून, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसापासून, पिढ्यांची बेरीज करून शेवटी इ.स.पू. ४००४ हे साल चौकटीत छापलंय, म्हणजे पृथ्वी साधारण सहा हजार वर्षांची. जलप्रलयातून प्राणी वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, हत्तीच्या मागे डायनासोर उभे आहेत, आणि जगातले सगळे खडक त्या एका जलप्रलयात तयार झाले असं लिहिलंय. इथपर्यंत एक वेळ मी मुलांना समजावून सांगितलं असतं. पण शेवटच्या पानावर मुलांना सांगितलंय की हे जर तुम्ही मानलं नाही तर येशूवरचा विश्वास पण टिकणार नाही. हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात छापायला नको होतं, मनापासून सांगते.

झालं काय ते सांगते. पोरानं ट्यूशनमध्ये डायनासोरचा विषय निघाला तेव्हा मोठ्या आत्मविश्वासानं सहा हजारांचा आकडा सांगितला. वर्ग हसला. एक जण म्हणाला, तुमच्या धर्मात असंच शिकवतात काय? मुलं आहेत, वाईट हेतू नसतो. पण हा घरी आला तो जेवलाच नाही नीट, आणि रात्री लाईट घालवल्यावर मला विचारतो, आई, मग येशूची गोष्ट पण खोटी आहे का? पुस्तकाने दोन्ही एकाच दोरीला बांधलं होतं ना, एक सुटलं तसं दुसरं पण सुटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, उपासना झाल्यावर त्याला घेऊन भावाकडे गेले, मोहोळ तालुक्यात त्याचं शेत आहे, विहीर नुकतीच खोल केलीय. काठावरून कडेची भिंत दाखवली. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मग हातभर जाडीचा तांबडा पट्टा, आणि त्याच्या खाली परत काळा पाषाण. त्याला सांगितलं की हा काळा दगड म्हणजे लाव्हा, जमिनीतून वर आला, थंड झाला, मग ऊन पावसात त्याचा वरचा भाग कुजून कुजून लाल माती झाली, ती व्हायला लै काळ लागतो, आणि मग त्याच्यावर पुन्हा दुसरा लाव्हा पसरला. असे थरावर थर, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, दख्खनचा मोठा भाग त्यावर बसलाय, आपला भुईकोट किल्ला याच दगडात बांधलाय. पोरगं बराच वेळ वाकून बघत होतं. मग म्हणाला, पुरानं तर गाळ येतो ना, पुरात दगड वितळतो का? भाऊ दहावी शिकलेला, तो म्हणाला, बाबा, हे पुस्तकवाल्यांना विचारायला पाहिजे.

आता ज्यांना वाटतं की ४००४ हे साल बायबलमध्ये आहे त्यांच्यासाठी. ते बायबलमध्ये कुठेही नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये छापलेलं ते गणित आहे, वंशावळ्यांवरून आणि राजांच्या सालांवरून केलेलं. त्या काळात विद्वान माणसानं केलेला प्रामाणिक प्रयत्न होता, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण जलप्रलयानं सगळे खडक बनले ही जी आजची मांडणी आहे ती अमेरिकेत जोर धरली ती १९६१ नंतर, तिथल्या दोन लेखकांच्या एका पुस्तकामुळे, तिथल्या शाळांमधल्या आणि कोर्टातल्या भांडणांमुळे. म्हणजे आमच्या सोलापूरच्या मंडळीपेक्षाही, चर्चपेक्षाही, ही मांडणी वयानं लहान आहे! आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा कधीपासूनच्या, माझी पणजी तिथेच लिहायला वाचायला शिकली, आणि तिच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर तिनं नातवंडांचे वाढदिवस लिहिलेत, पृथ्वीचा नाही.

आणि अशा पुस्तकांची ही काळजी आजची पण नाही. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवरच लिहिताना सांगून गेलेत की आकाश, पृथ्वी, तारे यांबद्दल बाहेरच्या माणसाला अनुभवानं नीट माहीत असतं, तिथं ख्रिस्ती माणूस बायबलचा आधार घेऊन चुकीचं बोलला तर तो बाहेरचा माणूस पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे मेलेले पुन्हा उठतात याबद्दल, आपल्यावर कसा विश्वास ठेवेल? सोळाशे वर्षं झाली. माझ्या पोराच्या ट्यूशनमध्ये नेमकं तेच झालं.

आता अशा पुस्तकांमुळे लोकांच्या आपल्या धर्माबद्दलच्या मतावर परिणाम होतो का नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि मला वाटतं तो सगळ्यांवर सारखा होत नाही. आमच्या शेजारच्या काकू लिंगायत आहेत, वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहतोय, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला त्या आमच्या पोरांना घेऊन जातात, नाताळला आमच्याकडे करंज्या करायला येतात. त्यांना पृथ्वीच्या वयाशी काही देणंघेणं नाही, त्यांनी ख्रिस्ती धर्म बघितला तो माझ्या सासूबाईंमध्ये, ज्या सिव्हिलमध्ये नर्स होत्या आणि रात्री बेरात्री गल्लीत कुणालाही इंजेक्शन द्यायला जायच्या. पण जे आपल्याला माणूस म्हणून ओळखत नाहीत, ज्यांनी फक्त असं पुस्तक किंवा व्हिडिओ बघितलाय, त्यांच्यासाठी हाच आपला धर्म होतो. आमच्या ओळखीचे एक सायन्सचे सर आहेत, एवढे सज्जन, त्यांनी मला सरळ विचारलं की तुमच्यात उत्क्रांती मानतच नाहीत ना? मी म्हटलं सर, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ सालीच सांगितलं की उत्क्रांती ही नुसती कल्पना राहिलेली नाही, आणि विश्वाचा जन्म एका बिंदूतून झाला हा विचार ज्यांनी १९३१ मध्ये मांडला ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. सर थक्क झाले. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार कोण, आपणच सांगत नाही.

सगळ्यात जास्त फटका घरातल्या मुलांनाच बसतो. अमेरिकेत बार्ना ग्रुपनं २०११ मध्ये जो सर्व्हे दिला त्यात ख्रिस्ती घरांमध्ये वाढलेल्या तरुणांपैकी २५ टक्क्यांना ख्रिस्ती धर्म विज्ञानाच्या विरोधात आहे असं वाटत होतं आणि २३ टक्के निर्मिती विरुद्ध उत्क्रांती या वादाला कंटाळले होते. आकडे तिकडचे आहेत, पण माझी नववीतली मुलगी पुस्तक मिटून म्हणाली, मला बायोलॉजी घ्यायची आहे, मग मी चर्चला यायचं का नाही ते आत्ताच सांग. तिला असा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटतं. मी तिला ह्यूमन जीनोम प्रोजेक्टचे प्रमुख राहिलेल्या फ्रान्सिस कॉलिन्स यांच्याबद्दल सांगितलं, डीएनएचा अख्खा नकाशा वाचणारा माणूस आणि श्रद्धावान ख्रिस्ती. आता तिनं त्यांचा फोटो टेबलावर लावलाय.

त्यात आणि सीबीएसईची मुलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, म्हणजे जी मुलं पुढे सायन्स घेणार नाहीत ती शाळेत हे धड शिकणारच नाहीत. अशा मुलांच्या हातात हे चौथं पुस्तक पडलं तर दुसरी बाजू दाखवणारं कोण आहे?

स्टॉलवाल्या भाऊंना फोन करून मी हे सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाद घातला नाही, म्हणाले ताई, चौथं परत आणा, त्याच्या बदल्यात दाखल्यांचं अजून एक देतो. सर्व्हिसला त्यामुळे पूर्ण मार्क. पहिल्या तीन पुस्तकांना पाचपैकी पाच, चौथ्याला एक, तो पण शिवणीसाठी. पुस्तकं सुटी मिळतात, दीडशेला एक, पण तसं स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पोस्टर चौथ्या पुस्तकातलंच आहे, तारवात डायनासोर असलेलं, ते आम्ही उलटं करून लावलंय आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पोरानं मामाची विहीर काढलीय, तांबड्या पट्ट्यासकट, आणि वर कोपऱ्यात पहिल्या पुस्तकातला तो पाण्यावरचा उजेड.