कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स: नॉर्मलच्या गणितांसाठी घ्यावा का?

"मॅडम, ९९१ईएक्स घेऊ का? घरी दादाचा जुना ९९१ईएस प्लस पडलाय." दर सत्रात कुणीतरी हे विचारतंच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स अशा दोन्ही शिकवण्या मी घेते. त्यामुळे कॅसिओचा हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर कायम असतो, आणि पोरांच्या हातातही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, स्प्रेडशीट वगैरेंबद्दल इथे काही मिळणार नाही, ते सगळं ठीकच आहे. मला बोलायचंय ते फक्त प्रॉबॅबिलिटीबद्दल, त्यातही जास्त करून नॉर्मलबद्दल, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत्या घंटेसारख्या वक्राबद्दल.

मेनू दाबला की 'डिस्ट्रिब्युशन' नावाचं चित्र दिसतं. आत सात पर्याय: नॉर्मल पीडी, नॉर्मल सीडी, इन्व्हर्स नॉर्मल, बायनॉमिअल पीडी आणि सीडी, पॉयसन पीडी आणि सीडी. (सीडी म्हणजे तिथपर्यंत साठत गेलेली संभाव्यता, पीडी म्हणजे त्या एकाच ठिकाणची किंमत.) बस. बाकीच्या डिस्ट्रिब्युशनपैकी एक्स्पोनेन्शिअल नाही, गॅमा नाही, टी नाही, काय-स्क्वेअर नाही. खोक्यावर ५५२ फंक्शन्स लिहिलेली असतात म्हणून ती असतीलच असं धरून चालू नका.

एक गणित पूर्ण करून दाखवते. दुधाच्या पिशव्या भरणारं मशीन. पिशवीत सरासरी (म्यू) ५०५ मिली दूध पडतं, सिग्मा (प्रमाण विचलन) ४ मिली. पिशवीवर छापलंय ५०० मिली. किती पिशव्या कमी भरतात? हाताने करायचं तर झेड (सरासरीपासून किती सिग्मा दूर) = (५०० − ५०५) ÷ ४ = −१.२५. नॉर्मलच्या छापील टेबलात ० ते १.२५ चं क्षेत्रफळ ०.३९४४, ते ०.५ मधून वजा केलं की ०.१०५६. म्हणजे शंभरातल्या दहा-अकरा पिशव्या. ९९१ईएक्सवर नॉर्मल सीडी उघडायचं, लोअरला −१ गुणिले दहाचा ९९ वा घात, अप्परला ५००, सिग्मा ४, म्यू ५०५. उत्तर येतं ०.१०५६४९७७. झेड काढायची गरजच नाही. 'उणे अनंत' म्हणून घातलेला तो अवाढव्य आकडा यंत्र निमूटपणे गिळतं. रोज तो टाइप करायचा कंटाळा आला तर म्यूच्या खाली दहा सिग्मा जाऊन थांबा, म्हणजे इथे ४६५. उत्तरात फरक दिसणार नाही.

आता खड्डा. यादीत पहिल्या नंबरावर आहे नॉर्मल पीडी. घाईतला मुलगा पहिलाच पर्याय दाबतो, ५००, ४, ५०५ भरतो, आणि यंत्र शांतपणे ०.०४५६६ देतं. आकडा शून्य आणि एकच्या मधला, दिसायला नीटनेटका, म्हणून शंका येत नाही. पण तो ५०० या ठिकाणच्या वक्राची उंची आहे, संभाव्यता नाही. सलग चलाला नेमकं ५०० मिली पडण्याची संभाव्यता शून्यच असते. उंचीचं एककही 'प्रति मिलीलिटर' आहे, सिग्मा ०.१ सारखा लहान असेल तर वक्राच्या मध्यावर ही उंची एकच्या वर जाते, तेव्हा कुठे पोरांच्या डोक्यात प्रकाश पडतो. पीडीचा उपयोग वक्र काढून बघायचा असेल तर आहे. परीक्षेतल्या शंभर गणितांत तो एखाद्याला लागेल. मेनू बनवणाऱ्याने त्याला सगळ्यांत वर का बसवलंय, ते कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. लोअर, अप्पर, मग सिग्मा, मग म्यू. आपण वहीत म्यू आधी लिहितो, पुस्तकात म्यू आधी असतो, तोंडी म्हणताना म्यू आधी येतो. यंत्र आधी सिग्मा मागतं. आणि बीएस्सीच्या पेपरात नॉर्मल (५०५, १६) असं छापलेलं असतं, त्यात १६ हा व्हेरिअन्स, म्हणजे सिग्माचा वर्ग. पोरं सिग्माच्या जागी १६ टाकतात. उत्तर येतं ०.३७७३. दहा टक्क्यांचे अडतीस टक्के झाले तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

ज्यासाठी पैसे मोजावेत ते इन्व्हर्स नॉर्मल, म्हणजे क्षेत्रफळ देऊन आकडा काढणं. त्याच मशीनवर उलटा प्रश्न: सरासरी कितीवर ठेवली तर १ टक्क्याहून जास्त पिशव्या ५०० च्या खाली जाणार नाहीत? टेबलात ०.४९ च्या जवळचा आकडा शोधायचा, तो ०.४९०१ ला सापडतो, झेड २.३३ घ्यायचा, मग ५०० + २.३३ × ४ = ५०९.३२. यंत्रात एरिया ०.०१, सिग्मा १, म्यू ० टाकलं की −२.३२६३ मिळतो, आणि सरासरी येते ५०९.३१. फरक किरकोळ, पण टेबलात मागून पुढे शोधताना पोरं ओळ चुकतात, स्तंभ चुकतात, आणि 'दोन आकड्यांच्या मधला घ्यायचा का' यावर दहा मिनिटं घालवतात. तो सगळा त्रास इथे संपतो. फक्त लक्षात ठेवा, एरिया म्हणजे नेहमी डावीकडचं क्षेत्रफळ. वरच्या ५ टक्के विद्यार्थ्यांचे गुण विचारले तर ०.९५ टाकायचं. ०.०५ टाकून शेवटच्या पाच टक्क्यांना स्कॉलरशिप देणारे महाभाग मी बघितलेत.

गुणांचं काय? हा प्रश्न पालक जास्त विचारतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पेपरावर सूचनांमध्ये इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर, लॉगरिदम टेबल, झालंच तर स्लाइड रूलसुद्धा चालेल असं छापलेलं असतं. (स्लाइड रूल घेऊन बसलेला मुलगा अजून दिसायचाय.) पण नॉर्मलच्या गणिताखाली कंसात ० ते झेडचं क्षेत्रफळही दिलेलं असतं, आणि तपासणारा तेच आकडे घेऊन बसतो. समजा झेड १.१८९ आला. टेबल वापरणारा १.१९ धरून शेपटीचं क्षेत्रफळ ०.११७० लिहितो, यंत्रवाला ०.११७२. दोन्ही बरोबर, पण झेडची पायरी न लिहिता नुसतं ०.११७२ लिहिलं तर पायऱ्यांचे गुण द्यायला तपासणाऱ्याकडे काहीच नाही. म्हणून माझ्याकडे नियम असा: आकृती, झेड, छायांकित भाग, सगळं वहीत, यंत्र फक्त ताळ्यासाठी.

आणि इथेच दादाचा ईएस प्लस. त्याच्यात स्टॅट मोडमध्ये जाऊन १-व्हार निवडलं की डेटाचा रिकामा तक्ता उघडतो, तो एसी दाबून घालवायचा, मग शिफ्ट-१ खाली डिस्ट्र नावाचा पर्याय मिळतो. त्यात पी, क्यू आणि आर. पी म्हणजे डावीकडचं सगळं क्षेत्रफळ, आर म्हणजे उजवीकडची शेपटी, आणि क्यू म्हणजे शून्यापासून झेडपर्यंत. क्यू १.२५ दाबा, ०.३९४४ येतं, म्हणजे नेमका पेपरात कंसात छापलेला आकडा. झेड तेवढा हाताने काढावा लागतो, जो तसाही वहीत लिहायचाच आहे. एम-थ्रीच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. तेव्हा त्याला माझं उत्तर: दादाचा वापर, पैसे ठेव.

बीएस्सी स्टॅटिस्टिक्सवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नॉर्मलच्या पलीकडे जावं लागतं. एक्स्पोनेन्शिअल मेनूत नाही याचं दुःख करू नका, त्याला मेनू लागतच नाही. दोन ग्राहकांमधलं सरासरी अंतर ८ मिनिटं असेल, तर १२ मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची संभाव्यता म्हणजे ई चा −१.५ वा घात, ०.२२३१. एक कळ. मीडिअन हवा तर ८ गुणिले एलएन (नॅचरल लॉग) २, म्हणजे साडेपाच मिनिटांच्या जरा वर. निम्मे ग्राहक त्याच्या आतच येतात, सरासरी ८ असली तरी. हा तिरकेपणा एकदा आकड्यात बघितला की नॉर्मलची सवय लागलेली पोरं थबकतात. वाइबुल डिस्ट्रिब्युशनलाही तीच कळ, फक्त घातात अजून एक घात. युनिफॉर्मला तर कॅल्क्युलेटर काढणं हाच अपमान.

गॅमा हा खरा कस. समजा अंतराची सरासरी ४ मिनिटं आहे, आणि तिसरा ग्राहक यायला १० मिनिटांहून जास्त लागण्याची संभाव्यता हवी आहे. एक रस्ता इंटिग्रेशनचा: एक्सचा वर्ग गुणिले ई चा (−एक्स ÷ ४) वा घात, भागिले १२८, मर्यादा ० ते १०. उत्तर ०.४५६२, ते एकातून वजा, ०.५४३८. दुसरा रस्ता मला फार आवडतो. तिसरा ग्राहक दहा मिनिटांनंतर येणार, याचाच अर्थ पहिल्या दहा मिनिटांत फार तर दोनच आले. दहा मिनिटांत सरासरी अडीच येतात. पॉयसन सीडी उघडा, एक्स २, लॅम्बडा (ती सरासरी) २.५. ०.५४३८. इंटिग्रेशनशिवाय. गॅमाच्या आकाराचा आकडा (इथे ३) पूर्णांक असला की ही युक्ती दरवेळी चालते, आणि वर्गात हे करून दाखवलं की मागच्या बाकावरचेही पुढे वाकून स्क्रीन बघतात.

इंटिग्रेशनवाल्यांना एक सूचना. वरची मर्यादा 'अनंत' म्हणून दहा हजार वगैरे टाकू नका. यंत्र ठरावीक बिंदूंवर फंक्शन मोजून बेरीज करतं. मर्यादा अतिरुंद असली आणि वक्राचा सगळा ऐवज एका कोपऱ्यात असला की ते बिंदू त्याला हुकू शकतात आणि उत्तर भलतंच येऊ शकतं. उलटी बाजू मोजून एकातून वजा करणं केव्हाही सुरक्षित.

बायनॉमिअलचा भाग मी नॉर्मलशी तुलना करायलाच वापरते. नाणं १०० वेळा उडवलं, ६० किंवा जास्त छापे. एकातून बायनॉमिअल सीडी (५९) वजा करा, ०.०२८४. नॉर्मलने अंदाज करताना ६० च टाकलं तर ०.०२२८, आणि अर्ध्याची दुरुस्ती करून ५९.५ टाकलं तर ०.०२८७. 'मॅडम, तो अर्धा कशाला?' या प्रश्नावर खडू झिजवण्यापेक्षा हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले बरे. शिवाय बायनॉमिअल आणि पॉयसनमध्ये लिस्ट नावाची सोय आहे, एक्सच्या ४५ किमतींपर्यंत सगळी उत्तरं खाली खाली मिळतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलला सोन्यासारखी.

खरेदीबद्दल थोडं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात विचारलं की हल्ली बरेचदा नवा ९९१सीडब्ल्यू पुढे केला जातो, "तोच आहे, फक्त नवीन" म्हणून. तो तोच नाही. कळांची मांडणी बदललीय, होमची कळ आलीय, आणि आधी एका शिफ्टवर मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी आता कॅटलॉगमध्ये शिरून शोधाव्या लागतात. डिस्ट्रिब्युशनचे सात पर्याय त्यातही आहेत, तेव्हा पहिल्यांदाच घेणाऱ्याला फरक पडणार नाही. ज्याची बोटं जुन्या मांडणीला सरावलीत, त्याने पास झालेल्या सीनियरकडून ईएक्स घ्यावा. घेताना कळा दाबून बघा आणि खालचं एक गणित लावून बघा: इन्व्हर्स नॉर्मल, एरिया ०.९७५, सिग्मा १, म्यू ०. १.९५९९६ आलं पाहिजे.

बारावीच्या मुलांनी यासाठी आत्ता पैसे घालवू नयेत. बोर्डाच्या गणिताच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. गेटवाल्यांनीही (इंजिनीअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा) नाही, तिथे स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वापरावा लागतो, त्यात डिस्ट्रिब्युशनचा मेनू नाही, आणि नॉर्मलची लागणारी किंमत सहसा प्रश्नातच दिलेली असते. ईएक्सची सवय लागलेल्या माझ्या मुलांना मी परीक्षेआधी महिनाभर तो दप्तरातच ठेवायला लावते.